तुमचे प्रश्न : समुद्र शिकायला समुद्राकाठी जन्मावं लागतं का?

मागच्या अंकात बोलता बोलता लिहून गेले की माझी पीएचडी समुद्राच्या पाण्यावर आहे आणि मी मूळची जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरची. झालं! इतकी पत्रं न् मेसेज आले की यावेळचं अख्खं सदर त्यातच जातंय. दोन-चार जणांनी नुसतंच विचारलंय की ताई, अमळनेरला समुद्र कधी आला, त्यांना लांबूनच नमस्कार. बाकीच्यांचे प्रश्न खाली घेतलेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण दोघींनी तरी घरी न सांगता लिहिलंय.

प्रश्न : ताई, मी फैजपूरची, एमएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. समुद्र आयुष्यात एकदाच पाहिलाय, शाळेच्या सहलीत, तोही बसच्या खिडकीतून जास्त. मला समुद्राच्या केमिस्ट्रीत रिसर्च करायचाय, पण मैत्रिणी म्हणतात ते कोकण-गोवा-केरळच्या पोरांचं काम, आणि त्याला आधी मरीन सायन्सची डिग्री लागते. खरं का?

उत्तर : अजिबात नाही. तू निदान बसमधून तरी पाहिलास, मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो थेट पीएचडीच्या मुलाखतीच्या दिवशी. जळगावला मंगला एक्स्प्रेस पकडली, मडगावला उतरले, दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पोचले, सगळे तिला एनआयओच म्हणतात, आणि तिथून खाली ते पाणी दिसलं. आईला फोन केला तर म्हणाली, आधी मुलाखत दे, पाणी कुठं पळून चाललंय.

आणि मुलाखतीत समुद्राबद्दल एक अक्षर विचारलं नाही गं. विचारलं काय, तर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कसा मोजतात. आता हे तर आपण कॉलेजात गिरणा नदीचं पाणी आणून इतक्या वेळा केलेलं की झोपेत विचारलं तरी सांगू. विंकलरची पद्धत, १८८८ सालची. आज सेन्सर आलेत, पण सेन्सर खरं बोलतोय का हे तपासायला जहाजावर अजूनही तेच ब्युरेट न् तोच स्टार्च.

फरक असतो तो बाटली भरण्यात. जहाजावरून सीटीडी नावाचं यंत्र खाली सोडतात, खारटपणा, तापमान, खोली मोजत मोजत ते जातं, त्याच्याभोवती कड्यात निस्किन बाटल्या लावलेल्या, दोन्ही तोंडं उघडी. हव्या त्या खोलीवर वरून हुकूम दिला की झाकणं फटकन मिटतात. वर आलं की सगळे आपापल्या बाटल्या घेऊन रांगेत, आणि पहिला मान ऑक्सिजनवाल्यांचा, कारण बाहेरची हवा लागली की खेळ खलास. रबरी नळी पार तळाला टेकवायची, पाणी हळू सोडायचं, बाटली भरून वाहू द्यायची, एक बुडबुडा जरी दिसला तरी ओतून पुन्हा पहिल्यापासून. मग मँगनीजचं द्रावण, मग अल्कलीतलं आयोडाइड, झाकण लावून उलटंसुलटं. वरच्या थरातलं, म्हणजे ऑक्सिजनवालं पाणी असेल तर लगेच तपकिरी साका बसायला लागतो, गाळणीतल्या चहाच्या चोथ्यासारखा.

माझ्या पहिल्याच सफरीत रात्री दोन-अडीचला तीनशे मीटरची बाटली हातात आली आणि साका आला पांढरट. मला घाम फुटला, वाटलं रसायनच चुकीचं घातलं, आता बोलणी खावी लागणार. गुपचूप दुसरी बाटली भरली, ती पण पांढरी! शेवटी सीनियरला दाखवली तर तो हसायलाच लागला, म्हणाला, चुकलीस कुठं, तिथं ऑक्सिजनच नाहीये.

अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत पाण्याचा असा एक जाड थर आहे की ज्यात ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो. वर शेवाळ भरमसाट वाढतं, मरून खाली पडतं, ते कुजवता कुजवता जिवाणू सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतात आणि नवीन हवा तिथं पोचतच नाही. जगात खुल्या समुद्रात असे मोठे पट्टे तीनच, दोन पॅसिफिकमध्ये, मेक्सिकोच्या बाजूला आणि पेरू-चिलीच्या बाजूला, न् तिसरा हा आपला.

आता हवा नसताना जिवाणू जगतात कसे? तू फैजपूरची आहेस म्हणजे घरी नाहीतर शेजारी केळी असणारच. बाबांना विचार, बागेत चार दिवस पाणी तुंबलं की आधी घातलेला युरिया जातो कुठं. ते म्हणतील उडून गेला, आणि ते एकदम बरोबर आहे. युरियाचं मातीत शेवटी नायट्रेट होतं, पाण्यानं हवा कोंडली की जिवाणू त्या नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि नत्र वायू होऊन निघून जातं, पानं पिवळी पडतात. अरबी समुद्राच्या त्या थरात हेच चाललेलं असतं, फक्त बाग हजारो किलोमीटरची. आणि या साखळीत अधेमधे नायट्रस ऑक्साइड सुटतो, जो वातावरणात गेला की कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास पावणेतीनशे पट तापवतो. म्हणून तर या एका थरावर लोकांनी उभं आयुष्य काढलंय. वडिलांशी बांधावर बसून तू हे बोलू शकतेस, किनाऱ्यावरच्या किती पोरांना हे जमेल सांग बरं.

तर डिग्रीच्या नावामागं धावू नकोस. नेट (संशोधनासाठीची राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा) केमिकल सायन्समधूनच दे, टायट्रेशन, स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि चुकीचा हिशोब या तीन गोष्टींत हात बसव. चुकीचा हिशोब म्हणजे तुझ्या आकड्यात किती पुढंमागं असू शकतं तो, बरीच पोरं तिथंच आपटतात. जमलं तर एमएस्सीचं डिझर्टेशन तिकडच्या एखाद्या लॅबमध्ये कर, त्यासाठी आत्ताच मेल टाकायला लाग, आणि मेलमध्ये 'रिस्पेक्टेड सर' च्या खाली तीन ओळीत तुला नेमकं काय येतं ते लिही, तुला समुद्र किती आवडतो ते नको.

प्रश्न : मी शहाद्याचा, बीएस्सी जिऑलॉजी करून राहिलो. समुद्रातली जिऑलॉजी म्हणजे फक्त तेल शोधणं का? आणि आम्ही आयुष्यभर बेसाल्टच पाहिला, दुसरा दगड माहीत नाही, आमचं काय होणार?

उत्तर : बेसाल्टच पाहिला म्हणून रडतोयस? अरे भो, समुद्राच्या तळाचा दगडच बेसाल्ट आहे! वरचा गाळ बाजूला केला की सगळीकडे तोच. आपला दख्खनचा काळा दगड साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, आणि समुद्रतळ मात्र सतत नवा होत राहतो, आज शिल्लक असलेला जुन्यात जुना तळही १८-२० कोटी वर्षांच्या मागं फारसा जात नाही. तुझ्या नंदुरबार-धुळ्याकडं तर जमिनीतून भिंतीसारख्या निघालेल्या डाइकच्या रांगाच्या रांगा आहेत, परदेशातून लोक ते बघायला येतात आणि आपण त्यावर शेळ्या चारतो.

पण मला तुला वेगळीच गोष्ट सांगायचीय, मातीची. आपली काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की पाय जाईल, आणि पहिल्या पावसात फुगून सगळं मिटतं, हे तू लहानपणापासून बघतोयस. ते फुगणं स्मेक्टाइट नावाच्या चिकणमातीच्या खनिजाचं, जे बेसाल्ट कुजून तयार होतं. ही माती पुरात तापीत जाते, तापी मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर चालून सुरतेच्या पुढं खंबातच्या आखाताला मिळते, आणि तिथून ती समुद्राच्या तळावर पसरते. प्रयोगशाळेत तळाचा गाळ आणला की त्यातली चिकणमाती काचेवर पातळ थापून एक्स-रे यंत्रात ठेवतात, आलेखात १४-१५ अँगस्ट्रॉमच्या (खनिजाच्या थरांमधलं अंतर मोजायचं अतिसूक्ष्म माप) आसपास एक शिखर दिसतं. मग तीच काच ग्लायकॉलच्या वाफेत ठेवायची आणि पुन्हा बघायची. शिखर सरकून १७ वर गेलं म्हणजे खनिज फुगलं, म्हणजे स्मेक्टाइट, म्हणजे दख्खनची माती. सिंधू नदीचा गाळ आला तर इलाइट न् क्लोराइट ही दुसरी खनिजं जास्त, गोव्याच्या खाली गेलं तर केओलिनाइट वाढतं. अशी गाळाची जात ओळखून कुठली नदी कधी किती वाहिली हे काढतात. मी जिऑलॉजीची नाही, पण शेजारच्या लॅबमध्ये ते शिखर सरकताना पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमच्या शेतातली भेग आठवली, खरंच. आता एक आहे, १९७२ पासून उकाईचं धरण मधे बसलंय, बराच गाळ तिथंच अडतो, तो समुद्राला मिळत नाही. हा पण एक विषय आहे बघ, कोणाला हवा असेल तर.

जुना काळ वाचायचा तर जहाजावरून लांब पाइप तळात रोवून गाळाचा उभा तुकडा काढतात, आपल्या बोअरसारखंच, फक्त पाणी नको असतं, चिखलच हवा असतो. खोल समुद्रात हजार वर्षांत काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर गाळ साचतो, म्हणजे दोन-चार मीटरमध्ये हजारो-लाखो वर्षं. त्यात फोरामिनिफेरा म्हणून वाळूच्या कणाएवढे शंख सापडतात, ते मायक्रोस्कोपखाली ओल्या बारीक ब्रशनं एकेक वेचायचे, दिवसभर, मान मोडेस्तोवर. बाजरी निवडल्यासारखं. मग त्या शंखातल्या ऑक्सिजनच्या जड-हलक्या अणूंच्या प्रमाणावरून त्यावेळचं पाणी किती गार होतं, पाऊस कसा होता याचा अंदाज बांधतात.

तेलाचं म्हणशील तर ते आहेच, पण त्याशिवाय समुद्राच्या तळावर मँगनीजचे गोटे पडलेले आहेत, बटाट्याएवढे, पाच हजार मीटर खोल, दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढणारे. २६ जानेवारी १९८१ ला 'गवेषणी' या आपल्या जहाजानं भारतासाठी पहिल्यांदा ते हिंदी महासागरातून वर काढले, आणि आज मध्य हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटरचा पट्टा त्यासाठी भारताच्या नावावर आहे. तू एमएस्सी जिऑलॉजी कर, त्यासाठी जॅम ही प्रवेश परीक्षा दे, नंतर नेट अर्थ सायन्समधून. मरीन जिऑलॉजीची एमएस्सीच पाहिजे असेल तर मंगळूर विद्यापीठ किंवा कोचीचं विद्यापीठ बघ, पण आधी फील्डमध्ये दगड नीट ओळखायला शीक.

प्रश्न : मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजी, जळगाव. दमणला फिरायला गेले होते तेव्हा समुद्राचं पाणी बाटलीत आणून न्यूट्रिअंट अगारवर (जिवाणू वाढवायच्या खाऊच्या थरावर) टाकलं, चारच कॉलन्या (जिवाणूंच्या वाढीचे ठिपके) आल्या. पुस्तकात तर लिहिलंय की एका मिलिलिटरमध्ये लाखो जिवाणू असतात. माझं काय चुकलं?

उत्तर : उत्साह एक नंबर! पण हे चुकणं तुझं एकटीचं नाही, सगळ्या शास्त्राचंच फार वर्षं चुकत होतं. समुद्राच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा लाख जिवाणू आणि त्याच्या दहापट विषाणू असतात, पण ताटलीवर उगवतात त्यातले शंभरात एकसुद्धा नाही. बाकीच्यांना ते जेवणच झेपत नाही. खुल्या समुद्रात अन्न इतकं विरळ की हे जीव कायमचे उपाशी राहायला शिकलेले, आणि आपण त्यांच्यासमोर एकदम लग्नाची पंगत वाढतो. जो खादाड तोच जेवतो, त्याच चार कॉलन्या तुला दिसल्या. शिवाय साध्या अगारात मीठही कमी पडतं, म्हणून निदान झोबेलचं मरीन अगार तरी वापरायचं, आणि पाणी बाटलीत जितका वेळ राहील तितकी आतली वस्ती बदलत जाते हे वेगळंच.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. सार-इलेव्हन नावाचा एक जिवाणू, समुद्रात सगळ्यात जास्त सापडणाऱ्यांपैकी, १९९० मध्ये फक्त त्याच्या आरएनएच्या जनुकावरून कळला की असा कोणी आहे. डोळ्यांनी कॉलनी कोणी बघितली नव्हती. तो लॅबमध्ये वाढला २००२ मध्ये, बारा वर्षांनी! कसा वाढवला, तर काही विशेष खाऊ न घालता, समुद्राचंच पाणी निर्जंतुक करून, एकेका खड्ड्यात मोजून थोड्याशाच पेशी टाकून, आणि मग नुसती वाट बघत. आपल्याकडं दोन दिवसात काही आलं नाही की ताटली ऑटोक्लेव्हमध्ये जाते.

आता बहुतेक काम पाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, त्यावर अडकलेल्यांचा डीएनए काढून होतं. त्याला कॉम्प्युटर यायला पाहिजे, पायथॉन नाहीतर आर ही कॉम्प्युटरची भाषा थोडी शिकून घे, हे मी गंभीरपणे सांगतेय, कारण हल्ली मायक्रोबायोलॉजीत मायक्रोस्कोपपेक्षा लॅपटॉपसमोर जास्त बसावं लागतं. आणि खोल पाण्यातले जीव हवे असतील तर दाब लक्षात ठेव, दर दहा मीटरला एक वातावरण, म्हणजे वरच्या हवेएवढा दाब, वाढतो, चार हजार मीटरवरचा जीव वर आणला म्हणजे त्याच्या अंगावरचं चारशे वातावरणांचं ओझं एकदम काढलं, तो तुझ्या इन्क्युबेटरमध्ये खुश राहील ही अपेक्षाच चुकीची.

प्रश्न : मॅडम, मी रावेर तालुक्यातला शेतकरी. मुलगी गोव्याला समुद्राची पीएचडी करायची म्हणते. शिकायला आमची ना नाही. पण पाच वर्षं, पैसे किती लागतील, नंतर नोकरी काय, आणि महिना महिना जहाजावर मुलगी जाणार हे आमच्या घरात कोणाला पटत नाही. खरं खरं सांगा.

उत्तर : दादा, खरं सांगते, गोड नाही सांगत.

पैसे लागत नाहीत, मिळतात, पण अट आहे. सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, निघाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, नंतर ४२ हजार, वर घरभाडं. नुसती नेट निघाली, जेआरएफ नाही, तर मग प्रोजेक्टवर काम शोधावं लागतं, तिथं पैसे कमी आणि भरवसा पण कमी. म्हणून तिला म्हणावं पहिलं लक्ष जेआरएफवर, गोवा नंतर. परीक्षा वर्षातून दोनदा असते.

नोकरीचं. सायंटिस्टच्या जागा थोड्या निघतात आणि पोरं भरपूर, त्यामुळं पीएचडी झाली की लगेच खुर्ची तयार असं नाही, मी स्वतः चार वर्षं इकडंतिकडं केली आणि शेवटी धुळ्याला शिकवायला लागले. पण हात रिकामे राहत नाहीत. केमिस्ट्रीवाले पर्यावरणाच्या तपासणी लॅबमध्ये, औषध कंपन्यांत जातात, जिऑलॉजीवाले तेल कंपन्यांत, बंदरांच्या कामात लागतात, काही पीएचडीनंतरच्या संशोधनाला, पोस्टडॉक म्हणून, बाहेर. सरकारनं २०२१ मध्ये ४०७७ कोटींचं डीप ओशन मिशन मंजूर केलंय, तीन माणसं सहा हजार मीटर खाली नेणारं 'मत्स्य ६०००' त्यातलंच, चेन्नईच्या संस्थेत त्याचं काम चालतं. म्हणजे या क्षेत्राकडं लक्ष आहे, पण त्याचा अर्थ तुमच्या मुलीला नोकरी पक्की असा मी काढणार नाही.

जहाजाचं. पाच वर्षांतले साडेचार वर्षं ती लॅबमध्ये आणि कॉम्प्युटरसमोरच असणार. सफर असते दोन-तीन आठवड्यांची, कधी महिनाभर, वर्षातून एखादी, कधी तीही नाही. 'सिंधू साधना', 'सागर कन्या' ही संशोधनाची जहाजं आहेत, मालवाहू नाहीत, बरोबर शास्त्रज्ञ असतात, त्यात बायका असतात, केबिन वेगळी असते. माझ्या वडिलांची पण हीच काळजी होती, त्यांना मी नागपूरच्या अदिती पंत यांचं सांगितलं. त्या एनआयओच्याच, १९८३ मध्ये अंटार्क्टिकाला जाणाऱ्या तुकडीत होत्या, भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्तांबरोबर, भारतातून तिथं गेलेल्या पहिल्या दोन बायका. वडील बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, तिथं तर थंडी असेल ना खूप. म्हणजे झालं, काळजी थंडीवर आली!

एक मात्र करा, एकदा स्वतः तिच्याबरोबर जाऊन या. भुसावळवरून मंगला आहे, गोवा एक्स्प्रेस आहे. संस्था बघा, हॉस्टेल बघा, तिथल्या दोन मराठी पोरींशी बोला. आणि गाइड कोण आहे याची चौकशी करा, लग्नाला स्थळ बघताना करतो तशी, कारण पाच वर्षं खरं नशीब त्या माणसाच्या हातात असतं. आमच्यातल्या एकीचा गाइडशी तिसऱ्या वर्षी खटका उडाला आणि सगळं काम नव्यानं मांडावं लागलं, हुशारी कमी नव्हती तिची.

थोडक्यात विचारलेले

जहाजावर उलट्या होतात का? (चोपडा) होतात. मला पहिले तीन दिवस झाल्या, पावसाळ्यातला समुद्र असेल तर भल्याभल्यांना होतात. रिकाम्या पोटी राहायचं नाही, कोरडं खायचं, आणि बंद केबिनमध्ये मोबाइल बघत पडायचं नाही, डेकवर येऊन लांब क्षितिजाकडं बघायचं. गोळी मिळते. चौथ्या दिवशी भूक लागली की समजायचं सुटलो.

नदी गोड, मग समुद्र खारट का, नद्याच तर जातात त्यात? (आठवीतला मुलगा, पारोळा) शाब्बास. नदी पण थोडी खारट असते रे, आपल्या जिभेला कळत नाही एवढंच. दगडातले क्षार ती नेऊन टाकते, पाणी वाफ होऊन परत येतं, क्षार तिथंच राहतात. पण मग समुद्र हा नदीचंच आटवलेलं पाणी आहे का, तर नाही, नदीत कॅल्शियम न् बायकार्बोनेट जास्त असतं आणि समुद्रात सोडियम न् क्लोराइड. कारण कॅल्शियम शंख-शिंपले काढून घेतात, सोडियमला तिथं फारसं गिऱ्हाईक नाही. सरासरी एका किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. घरी ३५ ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवून सगळं मिळून एक किलो कर, जिभेला एक थेंब लाव आणि मग आईला सांग की हे सायन्स होतं.

जहाजावर शाकाहारी जेवण मिळतं का? (धरणगाव) मिळतं, वरण-भात-भाजी-पोळी सगळं. पण तिखट नाही हो. दुसऱ्या सफरीपासून मी काळ्या मसाल्याची बरणी आणि कळण्याचं पीठ बरोबर न्यायला लागले. एकदा किचनवाल्या काकांना पटवून वांग्याचं भरीत केलं, हिरव्या मिरच्या घालून, आपल्या हिशोबानं मध्यमच. दोन दिवस जहाजावरचे अर्धे लोक माझ्याशी बोलत नव्हते, आणि उरलेले अर्धे रेसिपी मागत होते.